टेबलाच्या उशाशी

शेतसारा भरायचा नाही, अशी तयारी बारडोली तालुक्याने १९२२ च्या जानेवारीतच केली होती. २९ जानेवारीच्या तालुका परिषदेत तसा ठराव झाला. १ फेब्रुवारीला गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना सात दिवसांची मुदत देणारं पत्र लिहिलं. ती मुदत सरण्याआधीच गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणं पेटवलं आणि आतले पोलीस जळून मेले. ११ आणि १२ फेब्रुवारीला काँग्रेस कार्यकारिणी बारडोलीतच बसली आणि लढा स्थगित झाला. पुढच्या महिन्यात, १० मार्चला, गांधीजींना साबरमतीला अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आले. लढा स्थगित करण्याच्या बारडोलीतल्या निर्णयाला तेवीस महिने पूर्ण होत होते त्या दिवशी, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, हा कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता.

आजार अपेंडिक्सचा होता आणि थांबायला वेळ नव्हता. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना आणवण्याची मुभा सरकारने दिली होती. दलाल गांधीजींच्या ओळखीचे; १९१९ मध्ये त्यांनीच गांधीजींवर एक शस्त्रक्रिया केली होती. पण ते वेळेत पोचण्याची चिन्हं दिसेनात. ससूनचे शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक यांनीच हात घालायचा असं ठरलं. साक्षीला व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेतलं. कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, अशा अर्थाच्या संमतिपत्रावर गांधीजींनी पेन्सिलीने सही केली. सही करताना आपला हात कसा थरथरतोय, हे त्यांनी हसत मॅडॉकना दाखवलं आणि मॅडॉकनी, तुमच्यात भरपूर ताकद भरू, असा दिलासा दिला, असं शास्त्रींनी नमूद केलं आहे. ‘हिंद स्वराज्य’मध्ये इस्पितळांवर आणि डॉक्टरांवर कडाडून टीका करणारा माणूस सरकारी इस्पितळात, सरकारी डॉक्टरच्या सुरीखाली जात होता. काही बरंवाईट झालं असतं, तर ते दुखण्याने झालं यावर देशात किती जणांनी विश्वास ठेवला असता, हे मॅडॉकना सांगायची गरज नव्हती.

पुढचा प्रसंग चरित्रकार लुई फिशर यांनी सांगितला आहे. वादळाने वीज गेली. परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. अपेंडिक्स निघालं, गांधीजी वाचले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं. चार वर्षांनी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली बारडोलीचा सत्याग्रह पेटला, तेव्हा २ ऑगस्ट १९२८ ला ते तिथे जाऊन पोचले. लढा यशस्वी झाल्यावर सारावाढीची चौकशी ज्या दोन अधिकाऱ्यांनी केली, त्यांतले एक होते १९२२ चे तेच ब्रूमफील्ड.

ससूनमधली ती खोली आज स्मारक म्हणून जपली आहे. तिची गोष्ट सांगताना कंदील येतो, मॅडॉक येतात. टेबलाच्या उशाशी बसून भूल देणारे डॉ. दाते मात्र बहुतेक सांगण्यांत गळतात. त्यांनी क्लोरोफॉर्म दिला होता, आणि त्या रात्रीपुरती ही निवड भाग्याची ठरली. त्या काळातलं दुसरं प्रचलित भुलीचं औषध ईथर. त्याची वाफ पेट घेते. उघड्या ज्योतीचा कंदील टेबलाजवळ आणला असता तर स्फोटाची भीती होती. क्लोरोफॉर्म पेटत नाही. ज्योतीजवळ त्याचे त्रासदायक वायू होतात, पण आगीचा धोका नाही. डोळ्यांना उजेड देणारा कंदील चालू शकला तो यामुळे.

दात्यांपुढचा खरा प्रश्न उजेडाचा नव्हता. माणूस बेशुद्ध झाला की जबड्याचे आणि जिभेचे स्नायू सैलावतात. उताण्या माणसाची जीभ मागे घसरते आणि घशाची वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. अशी काही मिनिटं गेली की मेंदूला कायमची इजा होते. त्या काळच्या रिवाजात भूल देणाऱ्याकडे यावर उपाय होते ते हातांचे: मान मागे करायची, जबड्याचे कोपरे बोटांनी पुढे ओढून धरायचे, फारच झालं तर चिमट्याने जीभ बाहेर ओढायची. तारेच्या चौकटीवर ताणलेलं कापड तोंडावर धरून त्यावर थेंब थेंब औषध टाकायचं आणि कान श्वासाकडे ठेवायचे. डोक्यावरचा दिवा गेला तरी हे काम चालू शकत होतं, कारण ते बरंचसं हातांनी आणि कानांनीच होत असे.

अशाच दुखण्यासाठी बावीस वर्षांपूर्वी खुद्द ब्रिटिश बादशहा टेबलावर गेला होता. राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरलेला. २४ जूनला सातव्या एडवर्डच्या अपेंडिक्सचा गळू फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी फोडला. भूल दिली फ्रेडरिक ह्युइट यांनी. बादशहा स्थूल, दाढीवाला. भूल चढताना त्याचा श्वास अडला, चेहरा काळवंडला, तेव्हा ह्युइटनी दाढी धरून हनुवटी पुढे खेचली आणि वाट मोकळी केली, असं भूलशास्त्राच्या इतिहासात सांगितलं जातं. सहा वर्षांनी, १९०८ मध्ये, याच ह्युइटनी जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात ठेवायच्या छोट्या नळीचं वर्णन प्रसिद्ध केलं. जिभेने अडवलेल्या वाटेत काही ठेवण्याचा तो आरंभ होता.

क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद बादशहाच्या शस्त्रक्रियेवेळी पन्नासहून अधिक वर्षं जुना होता. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबराच्या सिम्पसनने हे औषध वापरात आणलं आणि २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दगावली. या वादाचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या शेजारी झाला. मराठवाडा तेव्हा ज्या राज्यात होता, त्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी हे शल्यचिकित्सक होते. १८८८ आणि १८८९ मध्ये तिथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्याचा खर्च निजामाने उचलला आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय मागून. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीऐवजी श्वासावर लक्ष ठेवावं. त्या काळात हैदराबादेत क्लोरोफॉर्म देणाऱ्यांत रूपाबाई फर्दूनजी होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयही एकाएकी बंद पडू शकतं. आयोगाचं शास्त्र अपुरं ठरलं, त्याचा सल्ला मात्र टिकला. श्वासाकडे बघा, हे आजही भूलतज्ज्ञाचं पहिलं काम आहे.

श्वासनलिकेत थेट नळी घालण्याची कल्पनाही दात्यांच्या काळी नवी नव्हती. ५ जुलै १८७८ ला ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांनी जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णाच्या घशात, तो जागा असताना, बोटाच्या अंदाजाने धातूची नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. पुढे काय वाढून ठेवलंय हे ओळखून, भूल देण्याआधीच वाट पक्की करून घेतल्याचं हे सुरुवातीचं उदाहरण. १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड कर्स्टाइन यांनी स्वरयंत्र सरळ डोळ्यांनी पाहण्याचं उपकरण केलं. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांवर इंग्लंडमधल्या सिडकप इथे हॅरोल्ड गिलीज शस्त्रक्रिया करू लागले. त्या चेहऱ्यांवर भुलीचं कापड धरायलाच जागा नव्हती. म्हणून आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉटम यांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालण्याचं तंत्र बसवलं. नळी वळवण्यासाठी मॅगिलनी केलेला वाकडा चिमटा आजही प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये असतो. पण १९२४ मध्ये ही विद्या थोड्या हातांत होती. पोटाच्या शस्त्रक्रियेला नळी घालायची असते, असा दंडक अजून कुठेच नव्हता.

तो दंडक आणला एका विषाने. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे २३ जानेवारी १९४२ ला माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलीसोबत दिलं. तीही शस्त्रक्रिया अपेंडिक्सचीच होती. पोट मऊ पडलं, सर्जन खूश झाले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डचे रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वाकड्या पात्याचा लॅरिंगोस्कोप दिला, आणि स्वरयंत्र पाहून नळी घालणं सामान्य डॉक्टरच्याही आवाक्यात आलं.

सगळा इतिहास इथे वळतो. दात्यांचा रुग्ण बेशुद्ध असला तरी स्वतःच श्वास घेत होता. अडचण वाटली तर थेंब थांबवायचे. औषध उतरत जाईल, रुग्ण जागा होईल. क्युरारेसारखं औषध दिल्यावर श्वासाचे स्नायूच निपचित होतात. आता श्वास डॉक्टरने द्यायचा. नळी गेली तर शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित. नाही गेली आणि मास्कनेही हवा जाईना, तर मिनिटं मोजायची. दुसऱ्याचा श्वास हातात घ्यायचा तर तो आपल्याला चालवता येईल का, हे आधी कळलं पाहिजे. नळी कोणाला अवघड जाईल याचं भाकीत करण्याची गरज यातून जन्मली.

१९५६ मध्ये कॅस, जेम्स आणि लाइन्स या तिघांनी कुठल्या चेहऱ्यांत स्वरयंत्र दिसत नाही, ते लिहून काढलं: आखूड जाड मान, मागे गेलेली हनुवटी, पुढे आलेले दात, न उघडणारा जबडा. १९८३ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या विजयालक्ष्मी पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचं अंतर मोजायला सांगितलं. मान मागे करून ते साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं, तर सावध व्हायचं. त्याच सुमारास बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये आंध्रातून गेलेल्या शेषगिरी राव मल्लमपती यांना एका बाईच्या घशात नळी घालताना फार त्रास झाला. त्यांच्या लक्षात आलं की तिचं तोंड नीट उघडत होतं, पण जीभ एवढी मोठी होती की पडजीभ आणि तिच्या बाजूच्या कमानी दिसतच नव्हत्या. त्यांनी पुढे २१० रुग्ण तपासले आणि १९८५ मध्ये आपली वर्गवारी मांडली. रुग्णाला समोर बसवायचं, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला लावायची आणि काय दिसतं ते पाहायचं. पडजीभ पूर्ण दिसली तर वाट बहुधा सोपी. नुसता टाळूच दिसला तर तयारीत राहायचं. यंत्र नको, पैसा नको. १९८७ मध्ये सॅमसून आणि यंग यांनी तीत चौथा वर्ग घातला. आज तालुक्याच्या दवाखान्यातही शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ‘तोंड उघडा, जीभ बाहेर काढा’ म्हणतात ते या परीक्षेसाठी.

मास्कने श्वास देणं कोणाला अवघड जाईल याचीही यादी झाली. २००० साली फ्रान्समधल्या लांजरों आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या: वय पंचावन्नच्या वर, स्थूलपणा, दाढी, दात नसणं, घोरणं. एडवर्ड बादशहा यांतल्या पहिल्या तीन खुणा घेऊनच आला होता; साठीचा होता तो. गांधीजी चौपन्न वर्षांचे, शरीराने काटक, दाढी नाही. दात्यांचा रुग्ण त्या मानाने सोपा होता. मात्र आजच्या हिशेबाने दुसरा धोका होताच: अपेंडिक्स सुजलेल्या माणसाचं पोट रिकामं झालेलं नसतं आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. १९६१ मध्ये सेलिक यांनी गळ्याच्या कूर्चेवर दाब देऊन ती रोखण्याची पद्धत सांगितली. १९२४ च्या टेबलावर तीही नव्हती, नळीही नव्हती.

या परीक्षांवर किती विसंबायचं? डेन्मार्कमध्ये १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नळी घालणं ज्यांना खरंच अवघड गेलं, त्यांतल्या ९३ टक्क्यांबाबत आधी कोणालाच शंका आलेली नव्हती. उलट ज्यांना अवघड जाईल असं लिहिलं होतं, त्यांतले चौथाईच तसे निघाले. म्हणजे भाकीत करायचं, पण ते चुकणार असं धरूनच तयारी ठेवायची. १९९३ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अवघड श्वासमार्गासाठी पहिला पायऱ्यापायऱ्यांचा आराखडा दिला. हाताशी नवी साधनंही येत गेली. १९६७ मध्ये इंग्लंडच्या पीटर मर्फी यांनी लवचीक दुर्बिणीवरून नळी सरकवली. आर्ची ब्रेन यांनी १९८१ पासून घडवलेला लॅरिंजियल मास्क स्वरयंत्राच्या तोंडावर नुसता बसवला की श्वास देता येतो. २००१ नंतर पात्याच्या टोकाला कॅमेरा असलेले व्हिडिओ लॅरिंगोस्कोप मिळू लागले.

साधनं असूनही माणसं दगावतात, हे २००५ मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. एका साध्या नियोजित शस्त्रक्रियेआधी नळी जाईना, मास्कने हवा जाईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा नळीच घालत राहिले. गळ्याला छेद देण्याचं सामान परिचारिकेने आणून ठेवलं होतं, तिकडे कोणी पाहिलं नाही. रुग्ण स्त्रीचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होते. त्यांनी कोणाला शिक्षा मागितली नाही. विमानात संकटाच्या वेळी कनिष्ठ माणसाचंही ऐकण्याची शिस्त असते, ती ऑपरेशन थिएटरमध्ये आणण्यासाठी ते कामाला लागले.

त्या शिस्तीचा एक कागद आता जगभर वापरला जातो, आणि त्याच्यामागे एक वऱ्हाडी नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी गाव आहे. तिथले आत्माराम गावंडे अमेरिकेत सर्जन झाले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे सर्जन झाले ते मल्लमपतींच्याच ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. भूल देण्याआधी मोठ्याने विचारायच्या प्रश्नांत तीत एक प्रश्न आहे: या रुग्णाचा श्वासमार्ग अवघड आहे का? असेल तर सामान आणि मदतीला माणूस हजर आहे का? आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

भारताला स्वतःचा आराखडा हवा होता, कारण आपल्याकडची तोंडं वेगळी आहेत. सुपारी आणि तंबाखूने ती बिघडतात. १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी कडक होत जाणाऱ्या एका रोगाचं वर्णन केलं आणि त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटलं. सुपारीतल्या द्रव्याने तोंडाच्या आतल्या अस्तराखाली चिवट तंतू साचतात, गाल आवळतात आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटं उभी मावतात. इथे एक बोटही शिरत नाही. अशा तोंडात मॅकिंटॉशचं पातं घालायचं कुठून? महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, पण खर्रा आणि मावा राहिले. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस तोडायला खानदेशातून मराठी बोलणारी, अहिराणी बोलणारी कुटुंबं सुरत जिल्ह्यात उतरतात. दिवसभराच्या तोडीत तंबाखू भूक मारते. अशा मजुराला अपघात झाला, अपेंडिक्स दुखलं, तर तालुक्याच्या भूलतज्ज्ञापुढे जबडा न उघडणारा रुग्ण येतो आणि लवचीक दुर्बीण जवळ असेलच असं नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशी तोंडं रोज येतात. तिथल्या शीला नैनन मायत्रा आणि जिगीशू दिवेतिया यांच्यासह देशभरच्या भूलतज्ज्ञांनी ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा भर महाग यंत्रांवर नाही. नळी घालण्याचा प्रयत्न चालू असतानाही नाकावाटे ऑक्सिजन सोडत राहा. रक्तातला ऑक्सिजन घसरायला लागण्याआधी थांबा. प्रयत्न मोजकेच करा. जमेना तर मदत मागवा, लॅरिंजियल मास्क बसवा. तेही साधेना तर वेळ न दवडता गळ्यातून वाट करा. नळी श्वासनलिकेतच गेली आहे हे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून पक्कं करा. आणि शेवटी, अडचण आली होती हे रुग्णाला लेखी द्या.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र सुखरूप गेली, यात मॅडॉक यांच्या हाताइतकाच दात्यांच्या हाताचा वाटा होता; इतिहासाने तो मांडायला हवा. पण त्या रात्रीची पद्धत सुरक्षित होती असा अर्थ मात्र काढू नये. रुग्णाची ठेवण चांगली होती, औषध न पेटणारं होतं आणि भूल देणारा सावध होता. आजच्या भुलीत रुग्णाचा श्वास काही क्षणांत डॉक्टरच्या हाती जातो, म्हणून आदल्या दिवशीची पाच मिनिटांची तपासणी हाही शस्त्रक्रियेचाच भाग आहे. भूलतज्ज्ञ तोंड उघडायला सांगतील तेव्हा पूर्ण उघडा. तंबाखू, सुपारी, घोरणं, हलणारा दात, काढता येणारी कवळी, काहीही लपवू नका. आणि मागच्या शस्त्रक्रियेत नळी घालायला त्रास झाला असं कोणी लिहून दिलं असेल, तर तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.